किकवीत राहून जागरूक वाचक कसे व्हावे

अभिनंदन! लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाला तुम्ही खांदा द्यायचं ठरवलंत. घाबरू नका, यात वाचावं फारसं लागत नाही. शिकायला किकवीसारखी जागा नाही: पुणे-सातारा हमरस्ता उशाशी, टपरीवर चहा, मोबाइलला रेंज. शिवाय नीरा नदीवरचा सारोळ्याचा पूल ओलांडला की जिल्हाच बदलतो. अपघात नीरेच्या अलीकडे झाला तर बातमी पुण्याच्या पानावर, पलीकडे झाला तर साताऱ्याच्या. त्यामुळे पलीकडच्या शिरवळात काय चाललंय हे ठाऊक नसलं तरी तुमच्या जागरूकतेला बाध येत नाही.

१. पेपर लावा. निवडताना आधी बक्षीस बघा. संपादक कोण हे विचारणारा माणूस अडाणी. जाणकार विचारतो, बादली किती लिटरची? बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, ते १८४० मध्ये बंद पडलं. बादली देत नव्हते, दुसरं काय होणार?

बक्षिसाचं कूपन रोज सकाळी, चहाच्या आधी कापा. कात्री नीट चालवा. कूपनाच्या पाठीमागे हटकून एखादी बातमी असते, बहुधा आपल्याच तालुक्यातल्या रखडलेल्या नळपाणी योजनेची. तिच्या मधोमध खिडकी पडेल. पडू द्या. कूपनांचा तक्ता भरला की बादली घरी येते. पाण्याचं नंतर बघू.

२. वार्ताहर जपा. त्याला ओळखायची खूण सोपी: मोटारसायकल, गळ्यात ओळखपत्र आणि खिशात जाहिरातींचं पावतीपुस्तक. तालुक्याच्या पातळीवर पुष्कळांना पगार म्हणून काही नसतो, जाहिरातीवरचं कमिशन हीच भाकरी. त्यामुळे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की तो पतसंस्था, ढाबेवाले आणि सरपंच यांच्या दारी दिसतो. साहेबांचा वाढदिवस असला की तुमच्याही दारी. ‘दादा, एक पट्टी तरी द्या,’ म्हणतो. द्या. साहेब कानाला फोन लावून मधोमध, खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा, तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवे तुम्ही. आता तो पतसंस्थेविरुद्ध काय लिहिणार बिचारा?

मग टपरीवर जाऊन जाहीर करा, ‘आजकालचे पत्रकार सगळे विकले गेलेत.’ क्रम चुकवू नका. आधी पावती, मग तळमळ. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, त्या दिवशी शाल आणि श्रीफळ द्यायला विसरू नका. पगाराचा विषय मात्र काढू नये, चांगलं दिसत नाही.

३. निवडणुकीत पेपर वाचायची रीत वेगळी. सरावाला २००९ ची विधानसभा घ्या. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांच्या कारभाराचं ‘अशोकपर्व’ पानंच्या पानं भरून छापून आलं. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः तोच कसा, हे पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात मात्र वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचे ५,३७९ रुपये. हिशेब रीतसर नसल्याचं निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये म्हटलं आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. प्रकरण मिटलं. तुम्हाला वाढदिवसाच्या पट्टीचा भाव पाठ असल्यामुळे ५,३७९ वाचून हसू फुटेल. आवरा.

४. टीव्ही रात्री लावा. आठ चौकटींत आठ माणसं ओरडत असतील तर ती चर्चा. आवाज बंद करून बघितलात तरी चालेल, कळणारं तेवढंच कळतं.

५. आता खरी परीक्षा: मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवणे. खात्री करत बसू नका, तेवढ्यात शेजारचा गट पुढे जाईल. मजकुराखाली ‘आलं तसं पाठवलं’ एवढं टाका, तुमची जबाबदारी संपली. १ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा निरोप आधीच मोबाइलवरून पोहोचलेला. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मारणारे सापडले, धरले गेले. निरोप पाठवणाऱ्यांनी कदाचित त्या संध्याकाळी हळहळही पुढे पाठवली असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवायची मर्यादा घातली. हिरमुसू नका. पाच झाले की पुन्हा पाच निवडता येतात.

६. ग्रामसभेला जाऊ नका. तुम्ही युक्रेनच्या युद्धात आणि दिल्लीच्या राजकारणात गुंतलेले, गटाराच्या निविदेत कुठे अडकता? गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे तुमच्यावाचून काही अडत नाही, हे कायद्यानंच मान्य केलंय.

संध्याकाळी वार्ताहराचा फोन येईल, ‘दादा, सभेत काय झालं?’ तुम्ही म्हणा, ‘मी कुठं होतो? उद्या तुझ्याच पेपरात वाचतो की.’ तोही नव्हता; साहेबांच्या वाढदिवसाच्या पट्ट्या गोळा करत कापूरहोळला होता. मग तो सरपंचांना फोन लावतो.

सकाळी चौकटीत बातमी येईल: ‘ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न’. वाचायची असेल तर लगेच वाचा. पाठीमागे कूपन आहे.