हप्ता किती बसवू?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की बघायला येणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ॲव्हरेज किती देते? दुसरा, केवढ्याला पडली? तिसरा मात्र आवाज खाली आणून, चाकाकडे बघत विचारला जातो, "रोख, की लोन?" घराचं कर्ज आपण मिरवतो. गाडीच्या कर्जाबद्दल मात्र "थोडंसं बँकेचं आहे" एवढंच म्हणतो. हे थोडंसं बहुधा शेकडा नव्वद असतं.

आमच्याकडे गाडीचा विषय निघाला तेव्हा माझे मिरजेचे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आमच्या घरी मुक्कामाला होते. मामांची हयात एका पतसंस्थेच्या वसुली विभागात गेली. वसुलीच्या माणसाला जग निराळं दिसतं. कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं की मामा तिच्या कागदाची जाडी चिमटीत चाचपतात आणि माणूस जिना उतरायच्या आत म्हणतात, "हा थकबाकीत जाणार." बहुतेक वेळा तो जातोही.

मामांचं सगळं अर्थशास्त्र म्हशीवर उभं आहे. "म्हशीला कर्ज द्यावं, ती आपला हप्ता आपण फेडते. विहिरीला द्यावं, ऊस फेडतो. मोटार काय देते? मोटार नुसती पिते."

"बावीसचं ॲव्हरेज आहे हो मामा," नवरा म्हणाला.

"म्हणजे कमी पिते. देत काहीच नाही."

तरीही गाडी घेऊ नका, असं काही ते म्हणाले नाहीत. सासूबाईंचे गुडघे आणि पुण्यातले रिक्षावाले या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. त्यांनी अट एकच घातली, शोरूमला मी येणार.

शोरूममध्ये आधी कॉफी येते. मग टाय लावलेला एक गोड मुलगा येतो. आमच्याकडे आलेल्या मुलानं खुर्ची ओढली, टॅब उघडला आणि विचारलं, "सर, हप्ता किती बसवू?"

"गाडी केवढ्याची?" मामा.

"ते होईल हो काका. तुम्ही हप्ता सांगा, मी बसवतो."

या एका प्रश्नात गाडीविक्रीची सगळी विद्या सामावली आहे. गिऱ्हाइकानं एकदा का दहा हजारांचा आकडा उच्चारला की पुढे किंमत, मुदत, व्याज, ॲक्सेसरी सगळं त्या दहा हजारांच्या आत कोंबता येतं. कोंबता आलं नाही तर मुदत ताणायची. मुलानं ताणली. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं, हप्ता ९,६५३. "म्हणजे दिवसाला फक्त तीनशे बावीस रुपये मॅडम. चहा-नाश्त्याचा खर्च!"

"रोज तीनशे बावीस रुपयांचा चहा-नाश्ता कोण करतं?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती.

मग त्यांनी खिशातून डायरी काढली आणि हप्त्याला ८४ नं गुणलं. मुलाच्या चेहऱ्यावरून वाटलं, शोरूममध्ये हा गुणाकार पहिल्यांदाच होत असावा. सहा लाखांच्या बदल्यात आठ लाख अकरा हजार, म्हणजे व्याज दोन लाख अकरा हजार. तेच कर्ज चार वर्षांत फेडलं तर हप्ता १४,९३१, पण व्याज एक लाख सतरा हजार. मधले चौऱ्याण्णव हजार हे तो हप्ता छोटा दिसण्याचे पैसे. मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, कारण तिथे सनरूफ होतं.

सनरूफचं मॉडेल नव्वद हजारांनी महाग होतं. "हप्त्यात फक्त साडेचौदाशेचा फरक," मुलगा म्हणाला. या 'फक्त'ला ८४ नं गुणलं तर जवळजवळ एक लाख बावीस हजार होतात. पण त्या भोकाचा निकाल मामांनी लावला नाही, सासूबाईंनी लावला. "ऊन लागतं म्हणून काचांना जाळ्या लावायच्या आणि वर भोक पाडायचं?"

शोरूमचा भाव आणि रस्त्यावरचा भाव यांत जे अंतर असतं ते आपल्याला पाठ असतं, तरी दर वेळी नव्यानं लागतं. साडेसात लाखांची गाडी. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स शेकडा ११, म्हणजे साडेब्याऐंशी हजार. मग विमा. त्यात थर्ड पार्टीचा भाग सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. हे झाले कायद्याचे पैसे. त्यांच्या पाठीला पाठ लावून हौसेचे येतात : मॅट, सीट कव्हर, दारांच्या कडेच्या पट्ट्या, टेफ्लॉन कोटिंग आणि 'हँडलिंग चार्जेस' नावाचा, कुणी कुणाला हाताळल्याबद्दल आहे ते न कळणारा खर्च. बेरीज पावणेनऊ लाख. "काळजी नको, शंभर टक्के ऑन रोड फंडिंग करून देतो."

इथे मामा पहिल्यांदा चिडले. "म्हणजे या चटयांवर मी सात वर्षं व्याज भरायचं? चटई दुसऱ्या पावसाळ्यात कुजेल, तिचा हप्ता सातव्या पावसाळ्यात चालू."

मला चटईपेक्षा पुढचा हिशेब जास्त भिववून गेला. पावणेनऊ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं, तर तीन वर्षं इमानेइतबारे हप्ते भरूनही बँकेचे पाच लाख पासष्ट हजार देणं उरतं. विमा कंपनी मात्र तीन वर्षं उलटलेल्या गाडीची शोरूममधली किंमत ४० टक्के कमी धरते, म्हणजे साडेचार लाख. अशात गाडी चोरीला गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊन वर लाखभराहून जास्त रक्कम आपण द्यायची, ती चोर चालवत असलेल्या गाडीसाठी.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एका फायनान्स कंपनीचा माणूस सरकत आला. "सहा लाख, पाच वर्षं, मी सात टक्क्यांत करून देतो." नवरा उठून बसला. नऊपेक्षा सात कमी, एवढं गणित आम्हा दोघांचंही चांगलं आहे.

"फ्लॅट का?" मामांनी विचारलं.

माणूस जरा मागे सरकला. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण सहा लाखांवर व्याज. दरमहा आपण मुद्दल फेडत असतो, शेवटच्या वर्षी आपल्याकडे बँकेचे दीड लाखही उरलेले नसतात, पण व्याज मात्र सहा लाखांचंच. पाच वर्षांचे दोन लाख दहा हजार. घटत्या शिल्लकीवर नऊ टक्क्यांनी हेच व्याज एक लाख सत्तेचाळीस हजार होतं. म्हणजे त्याचे सात टक्के सरळ भाषेत साडेबारा टक्के. मामांनी हे सगळं त्या माणसाला समजावून सांगितलं. त्याला ते ठाऊक होतंच, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायची सवय नसावी. जाताना त्यानं मामांना कार्ड दिलं आणि त्यांचं कार्ड मागितलं.

शोरूमचा पोरगा हुशार होता. तो म्हणाला, "मी तुमची केस पाच बँकांत टाकून ठेवतो, जिथे होईल तिथे होईल." याला आम्ही नको म्हटलं. शोरूमला कर्जावर बँकेकडून कमिशन मिळतं, त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक बँक आपला सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचा इतिहास, तपासते, आणि थोड्या दिवसांत चार ठिकाणी चौकशी लागली की हा माणूस अडला आहे असा अर्थ निघून गुण घसरतात. आपला आपण रिपोर्ट बघितला तर गुणांना धक्का लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

आम्ही घरी येऊन दोघांचे गुण बघितले. कमाल ९००, आमचे साडेसातशेच्या वर. शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते. मामा म्हणाले, माझं बघ. मामांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी रुपयाचं कर्ज काढलेलं नाही, की क्रेडिट कार्ड ठेवलेलं नाही. गुणांच्या जागी आलं : उणे एक.

"शून्यसुद्धा नाही?"

"मामा, इतिहासच नाही असा त्याचा अर्थ. तुम्ही कधी कर्ज काढलंच नाही ना."

"माझ्या शिफारशीवर निम्म्या मिरजेला कर्जं मिळाली." संध्याकाळी ते जेवले नाहीत. सासूबाईंनी मुद्दाम केलेलं पिठलंसुद्धा उणे एकावर उतारा ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मोबाइलवर वीस-चार-दहाचा नियम शोधून काढला. वीस टक्के स्वतःचे, चार वर्षांची मुदत आणि गाडीचा एकूण खर्च पगाराच्या दहा टक्क्यांत, हप्त्यासकट, पेट्रोलसकट. पहिले दोन आकडे मला पटले. तिसरा मात्र ज्या देशात गाडी पगाराच्या मानानं स्वस्त असते तिथून आलेला दिसतो. तो काटेकोर पाळायचा तर कोथरूडमधल्या बऱ्याचशा गाड्या रात्रीतून शोरूमच्या दारात नेऊन लावाव्या लागतील. आम्ही हप्तासुद्धा दोघांच्या पगारांची बेरीज करूनच दहा टक्क्यांत बसवला, आणि पेट्रोल बाहेर ठेवलं.

पावणेतीन लाख एफडीतून काढायचे ठरले, तेव्हा नवरा गहिवरला. एफडी मोडणं त्याच्या घरात अपशकुनी मानतात. मामा शांतपणे म्हणाले, "एफडीवर सात मिळतात, त्यावर कर भरतोस. कर्जावर नऊ देणार. बँक तुझेच पैसे तुला देऊन वर दोन घेणार." फक्त दुखण्याखुपण्याची एफडी त्यांनी बाजूला काढून ठेवायला लावली. ती मोडायची नाही, सनरूफसाठी तर नाहीच.

मुहूर्ताचा प्रश्न राहिला होता. शोरूममध्ये दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसते आणि सूट मागायला तोंड नसतं. पितृपक्षात तिथे शुकशुकाट, कॉफी दोनदा मिळते आणि मॅनेजर स्वतः भेटतो. मी भीत भीत विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "यांना गाडीची केवढी हौस होती. पितृपक्षात आली तर आधी तेच बघतील." गाडीवर तीस हजार कमी झाले आणि चटया फुकट आल्या. कर्ज तेवढंच राहिलं. ते तीस हजार एफडीत परत ठेवले, तेव्हा नवरा जेवला.

बँकेत मामांना खरा आनंद झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देताना बँकेला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात व्याज आणि बाकीची फी धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेलं असतं. ऑपरेशन झालेल्या नव्या डोळ्यानं मामांनी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. "आमच्या वेळी असं असतं तर निम्मी वसुली करावीच लागली नसती," म्हणाले. मग त्यांनी मुदतीआधी फेडलं तर दंड किती ते विचारलं. कर्जाचा दर बदलता असेल तर व्यक्तीला हा दंड लावता येत नाही. पण गाडीच्या कर्जाचा दर बहुधा स्थिर असतो, आणि तिथे दंड लागू शकतो. शेवटी विचारलं, "फिटल्यावर बोजा उतरवायचा फॉर्म कुठला?" समोरची मुलगी गोंधळली. कर्ज देण्याआधीच ते फिटल्याचं बोलणारा तिला पहिल्यांदा भेटला होता. फॉर्म ३५, आणि बँकेचं ना-हरकत पत्र. हप्ते संपल्यावर लोक पेढे वाटतात, पण आरटीओत जाऊन आरसीवरून बँकेचं नाव काढायला विसरतात. पुढे गाडी विकायची वेळ येते तेव्हा बँकेची ती शाखा दुसरीकडे हललेली असते. मामांकडे या विषयावर अर्धा दिवस पुरतील इतके किस्से आहेत.

गाडी ताब्यात घेताना पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन आमचा फोटो काढला. मामांनी बिल उघडून आधी बघितलं, किल्लीचे पैसे लावलेत का.

आठवड्यानं मामा मिरजेला निघाले. नवऱ्यानं गाडीनं सोडतो म्हणून आग्रह केला. मामांनी डायरी काढली. येऊन-जाऊन पेट्रोल किती, टोल किती. "आणि पंचाहत्तरी झालेल्याला एसटी फुकट आहे. २०२२ पासून." शेवटी नवऱ्यानं त्यांना स्वारगेटपर्यंत तरी सोडलं. पार्किंगची पावती मामांनी मागून घेतली आणि डायरीत ठेवली.