बॉनेटखाली काहीच नाही

रस्त्यात गाडी बंद पडली की खाली उतरून बॉनेट उघडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. उघडणाऱ्याला आतलं काही कळायलाच हवं असं नाही. दोन वायरी हलवून बघायच्या, बॅटरीचं टर्मिनल पान्याने ठोकायचं आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. पाच मिनिटांत तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो पंप गेला असणार, दुसरा गॅस्केट उडाल्याचं निदान करतो, तिसरा ‘एअर धरलीय’ असं ठामपणे सांगतो (गाडी डिझेलची नसली तरी), आणि चौथा, म्हणजे खरा कामाचा माणूस, काही न बोलता मागे जाऊन धक्का मारायला लागतो.

विजेच्या गाडीने हा सार्वजनिक कार्यक्रमच मोडीत काढला आहे. तिचं बॉनेट उघडलं तर एक झाकण दिसतं, कडेने नारिंगी रंगाच्या जाड केबली गेलेल्या असतात आणि ‘हात लावाल तर खबरदार’ अशा अर्थाचा एक पिवळा त्रिकोण. बघे थोडा वेळ त्या त्रिकोणाकडे बघतात आणि आपापल्या वाटेने जातात.

इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा साधीसोपी आहे का, यावर हल्ली लग्नाच्या पंगतीतही वाद झडतात. माझ्या मते, नुसत्या गाडीपुरतं बोलायचं तर वादाला जागाच नाही. पेट्रोलच्या इंजिनात काय चाललेलं असतं याचा आपण कधी शांतपणे विचारच केलेला नसतो. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरत असेल तर मिनिटाला सहा हजार स्फोट होतात. आणि त्या स्फोटांपासून दोन हातांवर बसून आपण खिडकीतून भाजलेलं कणीस घेतो, वर लिंबू जास्त लावायला सांगतो. स्फोट म्हटले की उष्णता आली, म्हणून रेडिएटर. आवाज आला, म्हणून सायलेन्सर. धूर आला, म्हणून तो गाळणारं यंत्र आणि पीयूसीचा कागद. इंजिनाला ठरावीक वेगातच जोर येतो, म्हणून गिअरबॉक्स. गिअर बदलायचा तर क्लच. एवढा संसार मांडून पेट्रोलमधली जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचते. बाकीची हवा तापवते, आणि ती थंड करायला आपण आत एसी लावतो.

मोटरीत मुळात एकच वस्तू फिरते. ऑइल बदलायचं नाही, प्लग नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, क्लचप्लेट नाही, पीयूसीची भानगड नाही. दिलेल्या विजेतला बहुतेक भाग चाकाला मिळतो. शिवाय उतारावर हीच मोटर उलटी राबून वीज तयार करते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना एक-दीड युनिट बॅटरीत परत येतं. घाट चढताना त्याहून बरंच जास्त खर्चलेलं असतं ही गोष्ट वेगळी, पण पेट्रोलच्या गाडीने उतारावर टाकीत कधी पळीभर पेट्रोल तरी परत टाकलंय का?

आता ज्यांनी फियाट चालवली आहे त्यांना हे सगळं पटूनही रुचत नाही, आणि त्यांचं दुःख मला समजतं. थंडीच्या दिवसांत फियाट सुरू करणं हे अंगमेहनतीपेक्षा मनधरणीचं काम होतं. चोक किती ओढायचा हे ज्याच्या त्याच्या हाताला माहीत. जास्त ओढला तर ओव्हरफ्लो, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि घरातल्या कोणी बोलायचं नाही. तरीही हूं की चूं नाही केलं तर गॅरेजमधून उस्ताद यायचे. ते आधी प्लग काढायचे, पॉलिश पेपरवर घासायचे, फुंकर मारायची, मग वायरीला जोडून तो प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि म्हणायचे, “साहेब, मारा सेल्फ.” ठिणगी निळी पडली तर उस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान, पिवळी पडली तर “कॉइल कमजोर आहे.” डोळ्यांना दिसेल असा आजार आणि डोळ्यांना दिसेल असा उपचार. आता गाडीला लॅपटॉप लावतात. तो इंग्रजीत एक अक्षर आणि चार आकडे सांगतो, आणि ‘कंपनीला मेल टाकलाय’ हे उत्तर ऐकून आपण घरी येतो.

मौज अशी की ही लढाई पूर्वी एकदा होऊन गेली आहे आणि तेव्हा पहिल्या काही फेऱ्या विजेनेच जिंकल्या होत्या. ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटरगाडी विजेवर चालणारी होती. 1899 साली फ्रान्समध्ये कामी जेनात्झी या बेल्जियन माणसाने ती पळवली. अमेरिकेत घराघराला पेट्रोलची गाडी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरायची. नवऱ्याच्या धंद्यावर याहून नेमकी टीका कोणी केली नसेल. कारण साधं होतं: पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे हँडल घालून फिरवावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. मग 1912 साली चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला. म्हणजे पेट्रोलच्या गाडीला जिंकून दिलं ते तिच्यात बसवलेल्या विजेच्या मोटरनेच. घरभेदीच म्हणायचा.

विजेच्या गाडीने याची परतफेड आपल्यापरीने केली आहे. तिच्या पोटात चाळीस युनिटची बॅटरी असली, तरी दारं उघडायला, पडदा पेटवायला आणि मोठ्या बॅटरीचा स्विच जोडायला बहुतेक गाड्यांत एक लहानशी 12 व्होल्टची बॅटरी असते. अगदी जुन्या गाड्यांत असायची तशीच. ती उतरली की आतला सगळा साठा असून नसल्यासारखा; कोठार धान्याने भरलेलं आणि किल्ली विहिरीत पडलेली. अशा वेळी शेजारच्या पेट्रोलवाल्याकडून जंप-स्टार्ट मागावा लागतो. तो देतो, पण देताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

म्हणजे गाडी साधी झाली. गुंतागुंत मात्र नाहीशी झाली नाही, ती बॉनेटखालून निघून पार्किंगमध्ये आणि मोबाइलमध्ये जाऊन बसली. ज्याला स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या पार्किंगपर्यंत केबल ओढायची आहे, त्याने एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय मांडून बघावा. तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, “आग लागली तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्त आहे, अशी आग विझवायला अवघड असते. पण त्याच पार्किंगमध्ये टाक्यांत पेट्रोल भरलेल्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात, त्यांच्याविषयी काकांची काही तक्रार नसते, कारण त्यांतली एक त्यांची असते. मग केबल डक्टमधून न्यायची की बाहेरून, लोड वाढवायचा खर्च कोणाचा, भिंतीला भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंगची हमी कोण देणार, असं होत होत विषय पुढच्या सभेवर जातो. पेट्रोलची गाडी घेताना कुणाची एनओसी लागत नाही.

हायवेवरचा अनुभव संमिश्र आहे. चार्जर असतात, पण प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येक ॲपमध्ये आगाऊ भरलेले पैसे वेगळे. नकाशावर हिरवा ठिपका दाखवणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघू शकतो, किंवा चालू असतो पण त्याला एक गाडी लावलेली असते आणि मालक मिसळ खायला गेलेला असतो. फास्ट चार्जर ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरतो आणि पुढे मुद्दाम हळू होतो, नाहीतर बॅटरीला त्रास होतो. हे माहीत नसलेला गृहस्थ शंभर टक्क्यांचा हट्ट धरून बसतो आणि मागे रांगेतल्या तीन कुटुंबांचे शाप घेतो.

हे पाहून पेट्रोलवाले हसतात. त्यांनी बर्था बेंझबाईंची गोष्ट आठवावी. 1888 च्या ऑगस्टमध्ये या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून शंभरएक किलोमीटरवरच्या माहेरी निघाल्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत पंप कुठला असायला! इंधन म्हणून औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं. नळीत कचरा अडकला तो हॅटच्या पिनेने काढला, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं आणि चढावर पोरांनी गाडी ढकलली. आज नाक्यानाक्यावर ‘शून्य बघा साहेब’ म्हणणारा माणूस उभा आहे तो पेट्रोलची गाडी मुळात सोयीची होती म्हणून नव्हे, तिच्याभोवती शंभर-सव्वाशे वर्षं सोयी रचल्या गेल्या म्हणून. आपल्याकडे बेंगळुरूची रेवा 2001 मध्ये आली आणि टाटांची नेक्सॉन ईव्ही 2020 मध्ये. विजेचा संसार अजून नवा आहे.

तेव्हा, स्वतःचं पार्किंग असेल, तिथे प्लग पोचत असेल आणि रोजची धाव पन्नास-साठ किलोमीटरची असेल, तर आता पेट्रोलची गाडी घेण्यात मला काही हशील दिसत नाही. गाडी रस्त्यावर लावत असाल, किंवा गावाकडे विजेचा लपंडाव चालत असेल, तर थोडं थांबलेलं बरं. आणि घ्यायचं ठरलंच, तर टेस्ट ड्राइव्ह सावकाश घ्या. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना चहाला बोलवा, आणि जमलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही.