पळसाला पानं नसतात तेव्हा

पळसाला पानं तीनच, ही म्हण ज्यानं कोणी केली तो बहुधा भाद्रपद-अश्विनात हिंडला असावा. फाल्गुनाच्या शेवटी शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावच्या रस्त्याला तो लागला असता, तर ही म्हण त्याला सुचलीच नसती. कारण या दिवसांत पळसाला तीन सोडा, एकही पान नसतं. सगळं झाड फुलांनी भरलेलं, आणि फुलांचा हिशेब कुठल्याच म्हणीत नाही. फुलाचा देठाकडचा पेला काळ्या मखमलीचा आणि पाकळ्या केशरी. काड्यापेटीतल्या काड्या आधी विझवून मग पेटवल्या तर त्या अशा दिसतील. मागे माहुलीचे सुळके उन्हात धुरकट झालेले, भाताची खाचरं भेगाळून करपलेली, आणि मध्येच बांधावर हे एकटं झाड, घरात सुतक असताना चुकून जरीचं नेसून आलेल्या पाहुणीसारखं. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ब्यूटिआ मोनोस्पर्मा. यातला ब्यूट म्हणजे एक स्कॉटिश उमराव, झाडाझुडपांचा मोठा शौकीन. तो १७६२च्या मे महिन्यात ब्रिटनचा पंतप्रधान झाला आणि वर्ष भरायच्या आत, १७६३च्या एप्रिलमध्ये, पायउतार झाला. पळसाचाही बहर साधारण तेव्हाच उतरतो, हा योगायोग मला फार आवडतो. पळसाला मात्र आपण कोणा माजी पंतप्रधानाचं नाव मिरवतो आहोत याची गंधवार्ता नाही. गंध तर त्याला मुळातच नाही.

बँकेत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर वसईचा एक मित्र बसत असे. गुड फ्रायडेची सुट्टी जवळ आली की मी त्याला दरवर्षी एकच प्रश्न विचारायचो, “यंदा तुमचा ईस्टर होळीच्या पुनवेचा की हनुमान जयंतीचा?” पहिल्या वर्षी त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानंच एकदा कॅलेंडर काढून पडताळा घेतला आणि चकित झाला. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आमच्याकडे ती पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्रातली निघते, नाहीतर फाल्गुनातली. २०२२ साली हनुमान जयंती शनिवारी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर. २०२४ साली मात्र अधिक महिन्याच्या ओढाताणीत हनुमान जयंती पार २३ एप्रिलला गेली, आणि ईस्टर होळीच्या पुनवेचा हात धरून ३१ मार्चलाच येऊन बसला. ईस्टरनंतर मित्र बेकरीतली मार्झिपानची रंगीत अंडी आणायचा आणि मी त्याला पाडव्याचा कडुलिंब-गूळ द्यायचो. त्यातलं कोण फायद्यात राहिलं, हे सांगायला नको. एकदा डबा खाता खाता तो म्हणाला होता, “आमच्या ईस्टरची गोष्ट अंधारात सुरू होते. उजाडायच्या आधी घराबाहेर पडलेल्या बायकांपासून.” तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

त्या २०२४च्या मार्चमध्ये माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, फोटो आला. ती तीस वर्षं इंग्लंडातल्या एका खेड्यात राहते. फोटोत हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर साधी काचेची बरणी, बरणीत पिवळ्या डॅफोडिलची तीन फुलं आणि पुढ्यात तिसऱ्या क्रमांकाचं कार्ड. मागे ताई. नातवाच्या मुंजीतही ती इतकी प्रसन्न दिसली नव्हती. गावच्या सभागृहात ईस्टरच्या सुमाराला फुलांचं प्रदर्शन भरतं, चहा आणि केक असतो, शेजारणी एकमेकींच्या फुलांकडे मायेनं बघतात आणि मनात शेंड्यापासून देठापर्यंत खोट काढतात. फोनवर तिनं मला नियम समजावले. डॅफोडिलचे रीतसर १३ वर्ग आहेत. ‘एका वाणाची तीन फुलं’ या गटात तिन्ही फुलं जुळ्या बहिणींसारखी हवीत. रंग एक, आकार एक, मान ताठ. हिच्या एका फुलानं परीक्षक यायच्या वेळेला मान किंचित खाली घातली आणि पहिला नंबर गेला. “तीनच फुलं रे,” ताई म्हणाली, “पण सहा महिने घातले त्यांच्यात.” मी म्हणालो, पळसाला पानं तीनच. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. तीस वर्षांनी अंगावर आलेल्या म्हणीचं काय करायचं, ते तिला कळेना.

फुलांच्या प्रदर्शनाचा माझा अनुभव पुण्याच्या एम्प्रेस गार्डनपुरता. शाळेत असताना मामानं जानेवारीत तिथलं प्रदर्शन दाखवायला नेलं होतं. एवढाले गुलाब, बुटकी झाडं, जपानी पद्धतीची मांडणी, आणि सगळ्याभोवती दोरी. मी दोरीखालून वाकून एका शेवंतीचा वास घेतला आणि रखवालदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती शेवंती चावलीच असावी. तेव्हापासून प्रदर्शनातलं फूल म्हणजे आपल्याला ओळख न देणारा श्रीमंत नातेवाईक, असं काहीतरी मनात बसलं आहे. तरीही ताईच्या फोटोनं माझ्यातला निवृत्त माणूस जागा झाला. निवृत्त माणसाला कल्पना सुचणं ही आजूबाजूच्यांसाठी चिंतेची गोष्ट असते. किन्हवलीच्या पुढे एका ठाकरवाडीला लागून जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या तरुण गुरुजींची आणि माझी ओळख. त्यांना म्हटलं, आपण फ्लॉवर शो भरवू या. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी रंगपंचमीही आहे, मुलं नाहीतरी रंगातच असतील. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘फ्लॉवर शो’ लिहिलं आणि खाली माझ्या आग्रहावरून, ‘एका जातीची तीन फुलं आणावीत’.

शनिवारी सकाळी व्हरांड्यात पोषण आहाराचे स्टीलचे पेले पाणी भरून ओळीनं मांडले होते. मी ताईनं सांगितलेले निकष कागदावर उतरवून खिशात ठेवले होते. रंग, आकार, सारखेपणा, ताठ मान. पहिली आली ती सावर. मुलगा पिशवीभर घेऊन आला होता. “तीनच सांगितली होती,” म्हटल्यावर म्हणाला, “खाली लय पडली व्हती.” काटेसावरीचं फूल म्हणजे मेणात ओतल्यासारखं, लालबुंद, जाड पाच पाकळ्यांचं. पण त्याला देठ असा जवळजवळ नसतोच. पेल्यात ठेवलं की ते सगळं आत बुडून बसायचं, बादलीत अंघोळ करणाऱ्या बाळासारखं. पळसाची डहाळी आली, पण सायकलच्या कॅरिअरवरून येताना तिची निम्मी फुलं वाटेत गळली होती आणि उरलेल्यांतली पुष्कळशी मधल्या सुट्टीआधीच दुसऱ्या एका पातेल्यात गेली. मोठ्या मुलांनी शाळेमागे चूल मांडून रंग उकळायला घेतला होता. एका मुलीनं कोशिंबाची फांदी आणली, लाल, झळझळीत, सगळ्यांत देखणी. पण ती फुलं नव्हतीच, नवी पालवी होती. या दिवसांत कोशिंब पानांनीच फुलांचं सोंग घेतो. नियमानं ती बाद. मी तसं म्हणालो तर मुलीनं फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “मग हिला काय म्हनायचं?” माझ्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. करवंदीची पांढरी चांदणीसारखी फुलं एका चिमुरड्यानं मुठीत दाबून आणली होती. मूठ उघडली तेव्हा फुलांपेक्षा घाम जास्त होता, पण वास असा उठला की क्षणभर व्हरांड्यात कोणी बोललं नाही.

आणि मग तिसरीतला एक मुलगा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. त्यानं कागद सोडला. आत फ्लॉवरची गड्डी. पानांसकट, ताजी, पांढरीशुभ्र. गुरुजींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. चूक त्याची नव्हती, फळ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या आईनं ती मुद्दाम बाजारातून, पैसे मोजून आणली होती. बाकी सगळ्यांची फुलं रानात फुकट पडलेली, विकतचं असं याचंच एक. फक्त नियमाप्रमाणे तीन हवी होती आणि ती परवडली नव्हती, म्हणून तो दाराशी थबकला होता. मी निकष काढले. रंग एकसारखा. आकार घट्ट, गोल. मान ताठ, म्हणजे सगळी मानच. आणि खरं सांगायचं तर गड्डी हा न उमललेल्या फुलोऱ्याचाच गेंद, तेव्हा फूल नाही असंही म्हणता येईना. मी तिला मधल्या टेबलावर ठेवलं. ताईच्या गावातल्या परीक्षकांनीसुद्धा तिला बाद करण्यापूर्वी चष्मा पुसला असता.

दहा वाजता मोहाची फुलं आली. पेल्यात नव्हे, सुपात. आणणारी कोणी मुलगी नव्हती, एका मुलीची आजी होती. डोक्यावरचं सूप उतरवून तिनं व्हरांडाभर नजर फिरवली. पेल्यात बुडालेली सावर, माना टाकलेली पळसफुलं, माझ्या हातातला कागद. “यास्नी पान्यात कशाला उभं केलंय?” ती म्हणाली. “कुजतील. वाळत घाला.” सुपात मोहाची फुलं होती, टपोऱ्या मण्यांसारखी, पिवळट-पांढरी, रसानं भरलेली. देठ नाही, पाकळी उलगडलेली नाही, ताठ मान ठेवायला मानच नाही. मी म्हणालो, “आजी, हे झाडावरून तोडून आणलंत का?” तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं एम्प्रेस गार्डनच्या रखवालदारानं पाहिलं होतं. मोहाचं फूल कोणी तोडत नाही. ते रात्री उमलतं, वटवाघळं त्याच्यावर येतात, आणि पहाटेपासून ते आपणहून गळायला लागतं. गळलं की मग ते माणसाचं. झाडावर असेपर्यंत त्याची मोजदाद नाही.

तेव्हा मला माझ्या कागदातली चूक दिसली. ताईच्या गावात फूल उभं असेपर्यंत फूल असतं. त्यानं मान टाकली की ते हरलं. इकडे फुलाची गोष्ट ते पडल्यावर सुरू होते. सावरीखाली भेकरं येतात ती पडलेल्या फुलांना. पळस उकळायचा तर सडा गोळा करायचा. पाडव्याच्या कडुलिंबाचा तुरा आपण तोडतो खरा, पण अंगणात झडलेल्या त्याच्या बारीक फुलोऱ्याचा वास अधिक खरा असतो. एक आंब्याचा मोहोर तेवढा झडू नये म्हणून माणसं देव पाण्यात ठेवतात. बाकी सगळा वसंत पडण्यासाठीच आलेला असतो. अकरा वाजेपर्यंत माझ्या प्रदर्शनातलं एकही फूल उभं राहिलं नव्हतं, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस मुलांना एकेक वही दिली. निकाल जाहीर करायचं गुरुजी सोयीस्करपणे विसरले. फ्लॉवरची गड्डी, तिच्या मालकाची रीतसर परवानगी घेऊन, दुपारच्या खिचडीत गेली. आपल्या फुलाचा तुकडा कोणाकोणाच्या ताटात आला हे बघत तो मुलगा पंगतीतून हिंडत होता. ताईला तिच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डानं इतकं सुख दिलं असेल का, शंका आहे.

“उद्या येताव का मोव येचाया?” जाताना आजीनं विचारलं होतं. परीक्षकाची थोडी परीक्षा घ्यावी, असं तिच्या मनात असावं.

रविवारी पहाटे साडेचारला गुरुजींच्या मोटारसायकलवरून वाडीत पोचलो. डोक्यावर पौर्णिमेतला अर्धाअधिक उरलेला चंद्र होता. पाटीतली भाकरी कोणी खाऊन ठेवावी तसा. आजी, तिच्या दोन सुना आणि नात टोपल्या घेऊन आधीच निघाल्या होत्या. अंधारात नुसत्या बांगड्यांचा आवाज पुढे चालला होता. प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, कागदावर नसलं तरी. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून जमीन लख्ख केलेली होती. काही ठिकाणी तो जाळतात आणि मग वणवा रान सोडत नाही. आजीनं झाडलं होतं. वास आला तो गोड, जड, किंचित आंबूस, जुन्या देवघरात गूळ सांडून राहिल्यासारखा. मग आवाज ऐकू आला. टप्. थांबून पुन्हा टप्, टप्. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. एवढ्या मोठ्या झाडानं एकेक फूल आठवून आठवून खाली सोडावं तसं चाललं होतं. बायका वाकून वेचत होत्या, बोलत नव्हत्या. मला वसईच्या मित्राचं ते वाक्य आठवलं. आज त्याच्याकडे ईस्टर होता, ते लोक आत्ता चर्चला निघाले असतील.

एक फूल माझ्या डोक्यावर पडलं. मग खांद्यावर. मी हलायचं टाळलं. कारण काय ते सांगता येणार नाही, पण त्या क्षणी आपण बरोबर जागी उभे आहोत असं वाटत होतं. आजी टोपली घेऊन माझ्यापाशी आली आणि कोपरानं मला हळूच बाजूला ढकललं.

“जरा सरका सायेब,” ती म्हणाली, “फुलांवर उभं र्‍हायलाव.”