उष्ण, थंड आणि मी

आमच्या सासरी 1 मे हा महाराष्ट्र दिन कमी आणि गुहागर दिन जास्त. तो शुक्रवारी आला की दुधात साखर. ठाणे, डोंबिवली, पुणे, जिथे कुठे आमची माणसं पांगली आहेत तिथून गाड्या निघतात आणि रात्रीपर्यंत गावच्या घराचं अंगण चपलांनी भरून जातं.

यंदा मी सातव्या महिन्यात होते. मी जावं की नाही यावर घरात आठवडाभर खल झाला आणि त्यात माझं सोडून सगळ्यांचं मत घेतलं गेलं. शेवटी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "रक्तदाब चांगला आहे, बाळ छान आहे, जा की. पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उतरून चार पावलं चाला, सीटबेल्ट लावा आणि फाइल जवळ ठेवा." संपलं. सल्ला इतका सोपा असला की आमच्याकडे कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही. आत्येसासूबाईंनी गुहागरहून फोनवर विचारलं, "आणि आंब्याचं काय म्हणाल्या?"

आत्यांच्या लेखी या विश्वात दोनच पदार्थ आहेत: उष्ण आणि थंड. आंबा उष्ण, पपई उष्ण, तीळ उष्ण, अंडं तर विचारूच नका. कलिंगड थंड, काकडी थंड, शहाळंही थंड. उष्ण खाल्लं तर बाळाला बाधतं, थंड खाल्लं तर आईला. मधल्या जागेत काय येतं ते मी एकदा विचारलं. त्या बराच विचार करून म्हणाल्या, "मऊभात."

पपईपुरती त्यांची बाजू निम्मी खरी आहे. कच्च्या पपईतल्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, हे सिंगापूरच्या संशोधकांनी 2002 साली उंदरांवर दाखवलं. त्याच प्रयोगात पिकलेल्या पपईने मात्र उंदरिणींचं काहीही बिघडलं नाही. हे आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उंदरिणींचं मला काय सांगतेस, त्या कागदसुद्धा खातात."

आंब्यावर बंदी यायला हवीच असेल तर ती वेगळ्या कारणाने. सहाव्या महिन्यात मला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त काढलं. साखर 140 च्या आत हवी असते. माझी आत होती, पण उंबरठ्यावर पाय ठेवून. "अर्धा आंबा, फोडी करून, आणि जेवणावर आमरस ओरपायचा नाही," एवढंच डॉक्टर म्हणाल्या. उष्णतेचा त्यात उल्लेखही नव्हता. आत्यांना हा निकाल पटला, कारणमीमांसा पटली नाही.

आता प्रवास. रेल्वेने गेलो असतो तर प्रश्न नव्हता, गाडीत निदान संडास आपल्याबरोबर चालतो. पण कोकण रेल्वेच्या मे महिन्याच्या तिकिटांसाठी 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, मोबाइलवर बोटं रोवून बसावं लागतं, आणि आमच्या घरात त्या वेळी सगळे चहा पीत असतात. म्हणून मोटार.

गाडीत बसताच पहिला वाद पट्ट्यावरून. "पोटावर दाब येईल, नको लावूस," नवरा म्हणाला. पट्टा पोटावर लावायचाच नसतो. खालची पट्टी पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर घट्ट. तिरकी पट्टी छातीच्या मधून आणि पोटाच्या कडेने. हे मी त्याला करून दाखवलं. मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "तुझी सासू नवव्या महिन्यात एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून चिपळूणला गेली होती." सासूबाई आधीच गुहागरला पोचल्या होत्या, म्हणून हे वाक्य टिकलं. त्यांना तो प्रवास अजून आठवतो, आणि सासऱ्यांना वाटतो तसा नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. मी तेव्हा आठवीत होते. नंतर माझं कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, दिवसही गेले, आणि हा आपला अजून अवघडलेलाच. मला त्याच्याबद्दल बहिणीची माया वाटते. फक्त त्याला कुणी आंबा खाऊ नकोस असं सांगत नाही.

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड. इतर प्रवासी ही गावं कुठे वडा चांगला मिळतो यावरून लक्षात ठेवतात. मी कडीवरून ठेवते. या दिवसांत मूत्रपिंडं नेहमीच्या दीडपट काम करतात, आणि त्यांच्या या कर्तबगारीचं गाठोडं जिथे साठतं त्याच्यावरच बाळ बैठक मारून असतं. अर्ध्या तासात मी अस्वस्थ, तासात मुकी, आणि त्याच्या पुढे ज्वालाग्राही. या रस्त्यावरची स्वच्छतागृहं तीन प्रकारची. एक, कडी आहे पण पाणी नाही. दोन, पाणी आहे पण कडी नाही. तीन, दोन्ही आहे पण कुलूप आहे आणि चावी शेठकडे आहे. शेठ माणगावला गेलेत. अशा वेळी मी काही बोलत नाही, फक्त पोट पुढे करून शांतपणे उभी राहते. एका पंपावरच्या पोराने ते पाहून स्वतःच्या खिशातूनच चावी काढली. शेठ त्याच्या खिशातच राहत असावेत.

सोबत आलेल्या काकूंनी यावर एक रामबाण उपाय सांगितला: "पाणीच पिऊ नकोस ना." कोकणात जाणाऱ्या निम्म्या बायका हाच उपाय करतात. मला मात्र सगळ्या सल्ल्यांत तो एकच खरोखर वाईट वाटला. मे महिन्यात शरीर कोरडं पडलं की अवेळी पोट आवळून यायला लागतं, आणि लघवी तुंबवून धरली की जंतुसंसर्ग. म्हणून मी पीत राहिले, नवरा गाडी थांबवत राहिला. दर थांब्याला चारदा गाडीभोवती फेऱ्या मारल्या. या काळात रक्त लवकर गोठतं, तासन् तास पाय लोंबकळत ठेवले तर पोटरीत गाठ होऊ शकते. पोलादपूरला एका आजोबांनी काचेतून डोकावून नवऱ्याला विचारलं, "नवस बोललाय काय गाडीला?"

गुहागरच्या समुद्रावर पोचलो तेव्हा गोळेवाल्याभोवती आमचंच कुटुंब उभं होतं. कालाखट्टा, कोकम, वाळा. "घे गं, एकाने काय होतंय," काका म्हणाले. आत्यांनीसुद्धा मान डोलावली! बर्फ थंड, पण कोकम त्याची बाधा मारतं, असा काहीतरी हिशेब होता. मी नको म्हटलं, आणि मग मला ती गोष्ट सांगावीच लागली.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार आहे, हेपेटायटिस ई. धडधाकट माणसाला तो दमवून सोडून देतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र शंभरातल्या वीस-पंचवीस बायका त्याने दगावू शकतात. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून याची मोठी साथ आली, पण तेव्हा तो वेगळा विषाणू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सिद्ध व्हायला मिखाईल बलायान नावाचा सोव्हिएत शास्त्रज्ञ यावा लागला. त्याने रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतःच पिऊन टाकला, रीतसर कावीळ करून घेतली, आणि मग स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू पाहिला. 1983 मध्ये त्याचा शोधनिबंध आला.

गोळ्याभोवती जरा शांतता पसरली. मग काका म्हणाले, "म्हणजे तो वाचला ना?" आणि सगळ्यांनी दुसरा गोळा मागवला.

घरी दुसराच देखावा होता. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ तीन आठवड्यांचं. मधली खोली तिची. खिडक्या बंद, पंखा बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला रुमाल, आणि बाहेर मे महिन्यातली ती किनाऱ्यावरची चिकट, न हलणारी हवा. भिंतीच्या अलीकडे मी. मला सांगत होते थंडाव्यात राहा, तिला सांगत होते गारठू नकोस. एकाच घरात, एकाच आत्यांच्या अमलाखाली, दोन ऋतू चालू होते. तिच्या ताटात डिंकाचा लाडू आणि अळिवाची खीर, आणि पाणी मोजून. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळाने तोंड लावलं की घशाला कोरड पडते. ती माझ्याकडे मोरीतल्या बादलीकडे पाहावं तशी पाहत होती.

मी पाण्याची बाटली पदराखालून पोचवायला लागले. बदल्यात डिंकाचे लाडू इकडे यायचे. साखरेच्या हिशेबात मी ते अर्धेच खाल्ले. दुसऱ्या दिवशी आम्ही पंखाही लावला, झोत भिंतीकडे करून. बाळाच्या अंगावरचं झबलं, दुपटं, टोपरं आणि लोकरीचं काहीतरी होतं ते उतरवून एकच मलमलचं ठेवलं. मानेवरची घामोळी दुपारपर्यंत बसली. त्याचं श्रेय आत्यांनी धुरीला दिलं. आम्ही देऊ दिलं.

खरी लढाई चमच्याची झाली. सासूबाई म्हणाल्या, "एवढा उन्हाळा, लेकराच्या घशाला कोरड पडत असेल, दोन चमचे उकळलेलं पाणी पाजा." सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरतं, पाण्याचा थेंबही लागत नाही, अगदी मे महिन्यातही, त्या दुधात बहुतांश पाणीच असतं. हे सासूबाईंना मी सांगितलं असतं तर शहाणपणा ठरला असता. म्हणून लसीकरणाला येणाऱ्या आशाताईंना चहाला बोलावलं. त्यांनी तेच वाक्य सांगितलं आणि ते आदेश ठरलं. जाताना त्यांनी नणंदेला बजावलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला किंवा अंगावरून फार गेलं तर सुट्टी आहे म्हणून सोमवारची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. चिपळूण काही जवळ नाही. हे ऐकून पहिल्यांदाच आत्याही गप्प बसल्या.

रविवारी पहाटे घरातला एकुलता एक संडास सतत वाजायला लागला. आधी काका, मग दोन पुतणे, मग नवरा, मग काकू. ही काही ती कावीळ नव्हती, ती सवडीने, काही आठवड्यांनी येते. हा नुसता गोळ्याचा हिशेब होता. सहा वाजेपर्यंत पडवीत माणसं आडवी पसरली होती आणि घरात पायावर उभ्या होत्या त्या सासूबाई, एक बाळंतीण आणि एक गरोदर. नणंदेने कानाचा रुमाल सोडला आणि कमरेला खोचला. मी उकळून निवलेलं पाणी मोजलं: एक लिटर, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पेल्यांनी वाटप सुरू केलं. संडासाच्या रांगेत मात्र माझा नंबर पहिला राहील, हे मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आत्या कोपऱ्यातल्या चटईवर पोट धरून पडल्या होत्या. मी पेला पुढे केला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, क्षीण आवाजात विचारलं, "हे उष्ण की थंड गं?"

"एक लिटर," मी म्हटलं.