खातेवाटप
आमच्या औसा तालुक्यात सध्या गाजते ती शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. उमेदवार चौथीतले, मतदान मोबाइलमधल्या मतदान यंत्राच्या ॲपवर. बटण दाबलं की 'बीप', बोटाला शाई, निकाल लगेच. अशी पारदर्शक लोकशाही मुंबईतही मिळायची नाही.

पुढचं सगळं मात्र जुन्या चालीनं. स्वच्छता मंत्र्याला झाडू मिळतो, पाणी मंत्र्याला घागर, पोषण आहार मंत्र्याला ताटांची मोजणी. तो आकडा पोषण आहाराच्या ॲपमध्ये भरायला गुरुजी रेंज शोधत मैदानात जातात. तेवढा वेळ वर्ग मुख्यमंत्री सांभाळतो, म्हणजे बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. ह्याला अहवालात 'विद्यार्थी नेतृत्व' म्हणतात, फोटोसकट.

सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला आणि २०२० चं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळवलं. आता कोड आमच्याही पुस्तकात आहे. फोन बापाच्या खिशात आणि बाप सोयाबीनच्या रानात. शाळेतल्या टॅबचं म्हणाल, तर तो कपाटात सुखरूप आहे. पोरांनी फोडला तर भरून कोण देणार?

म्हणून डिजिटल खातं कुणालाच दिलेलं नाही. वजनदार खाती स्वतःकडंच ठेवायची असतात, एवढा राज्यकारभार पोरं चौथीतच शिकतात.