ओठाला ओठ न लावता

पन्नाशीला माणसाची कल्पनाशक्ती आटते म्हणतात, ते साफ खोटं आहे. रात्रीच्या लाईटच्या पाळीला दारं धरायला उसात गेलो, की पाचट जरा सळसळलं तरी मला तिथं बिबट्या दिसायचा. नुसता नाही, सहकुटुंब. दोन फुटव्यांना हुमणी लागली की सगळा फड आडवा दिसायचा, आणि मुलाने फोन उचलला नाही की हिंजवडीतलं हॉस्पिटल. एवढी प्रतिभा एखाद्या कादंबरीकाराकडेही नसेल, पण तिचं सगळं पाणी एकाच सरीत चाललं होतं. मग बीपीची गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मी काय ते दुकानातून आणत होतो?

दारं मोडून दिलं ते मोरोपंतांनी. आमच्या पणदऱ्याहून बारामती हाकेच्या अंतरावर. तिथं कऱ्हेकाठी या माणसाने (१७२९–१७९४) उभा संसार केला आणि रामायण एकदा लिहून भागेना म्हणून एकशेआठ वेळा रचलं, असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावणारी अक्षरंच नाहीत. राम या शब्दालाच बंदी असलेलं रामायण! मोरोपंत हे नावही त्यात बसत नाही. घरात भरपूर काळज्या असताना हे कुणाला सुचेल? मला वाटतं, असतानाच सुचत असणार.

मी ठरवलं, रोज संध्याकाळी सात ते नऊ आपणही निरोष्ठ.

पहिल्याच दिवशी ताटावर बसल्यावर तहान लागली. पाणी म्हणता येईना.

"जल," मी म्हणालो.

बायको हातातलं उलथनं तसंच धरून बघत राहिली. "एवढ्यात? गंगाजल देव्हाऱ्यात आहे, आणू का?"

खेळ समजावून सांगायला मला नऊ वाजेपर्यंत थांबावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे दोन तास तुम्हाला 'मी' म्हणता येणार नाही?"

"नाही."

"मग रोज खेळा."

भाकरी, भाजी, भात, आमटी, पिठलं, सगळंच बाद. चार दिवस ठेचा आणि दह्यावर काढले. मीठ मागता येत नसल्यामुळे ते आपोआप कमी झालं, जे डॉक्टरांना सहा महिने जमलं नव्हतं. पण खरी गंमत पुढेच. बिबट्या, बीपी, बँक, बिल, भाव, पाऊस, पंप, मोटर, हुमणी... माझी एकही काळजी तोंडातून निघेना! तक्रारीला तोंड उघडावं तर पहिल्याच शब्दाला ओठ मिटायचे. नीरा डावा कालवा मात्र सुखरूप वाहत होता. साखर कारखानाही चालू होता. त्याला 'बंद' म्हणायची सोयच नव्हती.

कर्ज तेवढं निरोष्ठ निघालं. व्याजही. पंतांना याचा अंदाज असावा, कारण ते ज्यांच्या आश्रयाला होते ते बारामतीकर नाईक पेढीवाले सावकारच.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "पप्पा, कसे आहात?" "छान. ऊस छान. आई छान." पलीकडे शांतता. मग हळूच, "आईकडे फोन द्या."

आता फडात पाचट सळसळलं, की 'बिबट्या' म्हणायच्या आधी मी त्याला निरोष्ठ नाव शोधतो. अजून सापडलेलं नाही. तोवर सरी भरते. बॅटरी मात्र नेतो.

काल रात्री साडेआठला मी खाटेवर पडून राघवाच्या वनवासाची पहिली ओळ जुळवत होतो. बायको रिकामा डबा घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"उठा. दळण आणा. आत्ता. लगेच."

एकदाही ओठाला ओठ लागला नाही. मी उठलो. आमच्याकडची गिरणी नऊला बंद होते.