आधी आडनाव, मग फ्लॅट

सार्वजनिक विहिरीवरून तुम्हाला कोणी हाकलू शकत नाही. दुकानातून नाही, हॉटेलातून नाही, नाटक-सिनेमाच्या थिएटरातून नाही, घाटावरून आणि रस्त्यावरूनही नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान बघून कुणाला इथे अडवायचं नाही, अशी यादीच राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये दिली आहे. यादीत घर तेवढं नाही. म्हणजे दिवसभर समतेत हिंडा आणि रात्री मुक्कामाला आडनावाच्या मापाची जागा शोधा.

कोणी जाणकार म्हणेल, 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे की! आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला घर बांधू, घेऊ किंवा राहू दिलं नाही तर तो गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. (चुकीच्या जागी गाडी लावली तर काही सोसायट्या यापेक्षा जास्त घेतात.) पण तिथवर जायची वेळच येत नाही. जात काढली तर गुन्हा, म्हणून शहाणी माणसं जात काढत नाहीत, जेवण काढतात. ‘तुमच्यात नॉनव्हेज असतं का हो?’ एखाद्या कांबळ्यांनी किंवा शेखांनी जन्मात अंडं खाल्लेलं नसेल, तरी त्यांच्यापुरता फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो. रविवारी मटणाची पिशवी घेऊन येणाऱ्या कुलकर्ण्यांना मात्र लिफ्टमध्ये कोणी हुंगत नाही.

फारच खोदून विचारलं की सेक्रेटरी हुकमाचं पान टाकतात : ‘ही आमची खासगी संस्था आहे. सभासद कोणाला करायचं ते आम्ही ठरवणार.’ पान खोटं नाही. अहमदाबादची झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी 1926 ची. सभासद पारशीच हवा, हा तिचा पोटनियम. एका सभासदाला आपली जागा पारशी नसलेल्या बिल्डरला विकायची होती, संस्थेने अडवलं. गुजरात उच्च न्यायालयाला हा पोटनियम टिकणारा वाटला नाही, सर्वोच्च न्यायालयाला 2005 मध्ये वाटला. अनुच्छेद 19 ने संघटना स्थापन करायचं स्वातंत्र्य दिलं आहे. तुम्ही आपखुशीने आत आलात, नियमांवर सही केलीत, आता कुरकुर कसली? शिवाय मूलभूत हक्क मागायचे ते सरकारकडे, शेजाऱ्याकडे नव्हे.

या स्वातंत्र्याची टवाळी करायची नाही. भजनी मंडळाने नास्तिकाच्या हातात टाळ का द्यावेत? शेतमजुरांच्या संघटनेने जमीनदाराला खजिनदार का करावं? माणसं एका विचाराने जमतात तेव्हा आपल्यात कोण, हे त्यांनीच ठरवायला हवं, नाहीतर उद्या सभासदांची यादी मंत्रालयातून येईल. पण सोसायटी कुठल्या विचाराने जमलेली असते? पाण्याची टाकी, गच्चीची गळती आणि सिंकिंग फंड. त्यावरही ए विंग आणि बी विंगचं एकमत झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. वर्षभर एकमेकांवर उपनिबंधकाकडे तक्रारी करणारी ही मंडळी बाहेरचा माणूस दारात आला की एकाएकी संघटना होतात.

मुंबईत गृहनिर्माणातला सहकार सुरू झाला तोच जातीतून. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची. कानडा मुलखातून आलेल्या लोकांना या शहरात डोक्यावर छप्पर हवं होतं, ओळखीची माणसं एकत्र आली. त्यात वावगं काही नव्हतं. परक्या गावात आलेल्यांनी एकमेकांना धरून राहणं वेगळं. गाव आपलं झाल्यावर नंतर आलेल्यांना फाटकावर थोपवणं वेगळं.

‘खासगी’चं पानही जुनंच आहे. 1927 मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा तिथले सवर्ण कोर्टात गेले. दावा काय, तर तळं खासगी मालकीचं आणि वहिवाट आमची. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. तळ्याच्या बाबतीत हा युक्तिवाद दहा वर्षं चालला. फ्लॅटच्या बाबतीत अजून चालतोच आहे.

घटना समितीत 1948 मध्ये चर्चा निघाली की अनुच्छेद 15 च्या यादीतलं ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय. आंबेडकरांनी अर्थ ऐसपैस केला : येईल त्याला सेवा द्यायला मालक बसलेला आहे, ती जागा दुकान. धोबीही त्यात आला, न्हावीही आला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अर्थाच्या आधारे खासगी शिक्षणसंस्थांनाही त्यात ओढलं. मग बिल्डरचं बुकिंग ऑफिस आणि इस्टेट एजंटाचा गाळा काय देवघर आहे? हा प्रश्न कोर्टात कोणी तरी लावून धरावा. एजंट तर एका हाताने ‘सर्वांसाठी घरे’चा बोर्ड पुसतो आणि दुसऱ्या हाताने फोन दाबून मालकाला विचारतो, ‘आडनाव अमुक आहे, आणू का?’

अमेरिकेने 1968 च्या कायद्यात यावर तोडगा काढला. चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल, तर भाडेकरू निवडायला त्याला मोकळीक. तिकडे हिला ‘मिसेस मर्फीची सूट’ म्हणतात. मर्फीबाईंनी माडीवर कोणाला ठेवावं ते त्या बघतील, पण ‘अमुक लोक नकोत’ अशी जाहिरात त्यांनाही देता येत नाही. आमच्याकडे तीन टॉवरवाला स्वतःला मर्फीबाई समजतो.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, कारण त्या महाराष्ट्रीय. महाराष्ट्र पेटून उठला, उठायलाच हवा होता. त्या संतापात डोंबिवलीचे आणि पुण्याचे किती सेक्रेटरी सामील होते, तेवढं मोजायचं राहिलं.

पारशी सोसायटीच्या 2005 च्या निकालातच न्यायालयाने म्हटलं होतं की असे पोटनियम नको असतील तर कायदेमंडळाने सहकार कायदा बदलावा. संसदेने 2011 मध्ये खरंच हात घातला, तोही थेट घटनेत. 97 वी दुरुस्ती करून अनुच्छेद 19 मधल्या संघटनेच्या हक्कात ‘सहकारी संस्था’ हे शब्द वाढवले. अनुच्छेद 15 च्या यादीत ‘घर’ वाढवायचं काही कोणाला सुचलं नाही. कसं सुचणार? खासदाराला दिल्लीत जागा मिळते ती आडनाव न विचारता.